पॅनकेक आणि सिरप : कॅलरींचा हिशेब

अमेरिका-कॅनडात न्याहारीला खाल्ल्या जाणाऱ्या पॅनकेकचे आहारमूल्य ठरवायचे तर पॅनकेक आणि सिरप यांचा हिशेब वेगवेगळाच मांडायला हवा. एकत्र मांडला की सगळा दोष पॅनकेकच्या माथी जातो, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

मैदा, दूध, अंडे, थोडे लोणी आणि बेकिंग पावडर, एवढ्यावर पॅनकेक होतो. तळहाताएवढ्या तीन पॅनकेकमध्ये सुमारे २६० कॅलरी, ३२ ग्रॅम कर्बोदके, ११ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ७ ग्रॅम प्रथिने असतात. तंतुमय पदार्थ नावापुरतेच. खटकते ते सोडियम : जवळपास ५०० मिलिग्रॅम, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दिवसाच्या मर्यादेचा चौथा हिस्सा. त्यातले बरेचसे बेकिंग पावडरमधल्या सोड्यातून येते. जिभेला खारट लागत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

हीच बेकिंग पावडर आणखी एक काम करते. तिच्यातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पॅनकेकला जाळी पडते. वरून ओतलेले सिरप त्या जाळीत क्षणात मुरते, पृष्ठभाग पुन्हा कोरडा दिसतो आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. असे पाव कप सिरप सहज संपते. त्यात सुमारे २१० कॅलरी आणि ४८ ग्रॅम साखर असते, म्हणजे बारा चमचे. २,००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, असे हीच संघटना सांगते.

मेपल सिरप नैसर्गिक आहे, हे खरेच. मेपलच्या झाडाचा सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप मिळते. पाव कपात दिवसभराचे मँगनीज आणि भरपूर रायबोफ्लेविनही असते. पण मँगनीजची उणीव सहसा कुणाला नसतेच, आणि सिरपमधली साखर मुख्यतः आपल्या डब्यातलीच, सुक्रोज. ‘पॅनकेक सिरप’ म्हणून विकले जाते ते तर बहुधा मक्याचे गोड सिरप, रंग आणि स्वाद. त्यात ही पोषकद्रव्येही नसतात.

म्हणून सिरप वरून ओतू नये, वाटीत घेऊन घास बुडवावा. दोन मोठे चमचे घेतले तर साखर २४ ग्रॅमवर थांबते. मैद्याऐवजी निम्मी कणीक आणि सोबत एक उकडलेले अंडे घेतले, तर तंतू आणि प्रथिने यांची उणीवही बरीच भरून निघते.