एल्कची शिकार : शब्दाचे वय आणि आचाराचे वय

स्वीडनमध्ये शरद ऋतूच्या आरंभी आईबापांनी आपल्या मुलांना बरोबर घेऊन एल्कच्या शिकारीस जाणे, हा अनेक ग्रामीण घराण्यांत जवळजवळ कुलाचार मानला जातो. उत्तरेकडे सप्टेंबरात व दक्षिणेकडे ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की नोकरदार माणसेही रजा काढून रानात उतरतात. ही चाल अश्मयुगापासून अखंड चालत आली आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो कितपत ग्राह्य धरावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. स्वीडिश ‘एल्य’, जर्मन ‘एल्ख’, इंग्रजी ‘एल्क’ हे शब्द एकाच मूळ रूपापासून निघाले असून रशियन ‘लोस’ हा त्यांचा नातलग होय. संस्कृतातील ‘ऋश्य’ हा शब्दही ह्याच कुळातील असल्याचे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. हा शब्द ऋग्वेदात येतो, अमरकोशातील मृगनामांत येतो, आणि विभांडकपुत्र ऋश्यशृंगाच्या नावात तो आपल्या कानांवरून नित्य जातो. मात्र भारतात त्याचा अर्थ एका जातीचा मृग एवढाच उरला. एल्क ह्या भूमीत कधी नव्हताच. असाच प्रकार पुढे इंग्रजीत घडला. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी ‘एल्क’ हे नाव ‘वापिटी’ ह्या निराळ्या हरणाला दिले, तर खऱ्या एल्कसाठी तेथील मूळ रहिवाशांचा ‘मूस’ हा शब्द उचलला. सिलोनमधील इंग्रज शिकारी तर सांबरालाच एल्क म्हणत. तात्पर्य, शब्द टिकला तरी त्याचा विषय टिकतोच असे नाही.

आचाराच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगावयास हवी. उत्तर स्वीडनमधील नेमफोर्सेन येथील प्रस्तरचित्रांत एल्कच्या आकृतींचे प्राबल्य आहे, आणि रानांतून एल्क धरण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांच्या रांगा आजही दिसतात. त्यांपैकी काही कित्येक सहस्र वर्षांपूर्वीच्या आहेत. एल्कच्या येण्याजाण्याच्या वाटा ठाऊक असल्याखेरीज असे खड्डे खणता येत नाहीत. तेव्हा हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जात असले पाहिजे, हे उघड आहे. असे ज्ञान नसले म्हणजे काय होते, ते ज्यूलियस सीझरच्या गॉलयुद्धवर्णनात दिसते. एल्कच्या पायांस सांधे नसतात, तो झाडाला टेकून झोपतो, म्हणून शिकारी झाडे बुंध्याशी पोखरून ठेवतात, असे तेथे गंभीरपणे सांगितले आहे. ज्याने रानात जनावर पाहिलेले नाही, त्याचे हे ऐकीव ज्ञान होय.

परंतु ह्या प्राचीन शिकारीपासून आजच्या आचारापर्यंत सरळ रेषा काढता येत नाही. सतराव्या शतकात स्वीडनच्या राजसत्तेने मोठ्या मृगांची शिकार राजा व उमराव ह्यांच्यासाठी राखून ठेवली. ज्या शेतकऱ्याने त्यानंतरही मुलाला एल्कचा माग काढावयास शिकविले असेल, त्याने कायद्याच्या दृष्टीने चोरीच शिकविली. १७८९ साली तिसऱ्या गुस्ताव्हने शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीवर शिकारीचा अधिकार दिला. त्यानंतर इतकी बेसुमार हत्या झाली की थोड्याच दशकांत एल्क दुर्मिळ झाला व काही वर्षे शिकार बंद ठेवावी लागली. १८६४ मध्ये खड्डे खणून एल्क धरण्यासही बंदी झाली. अशा रीतीने जुनी विद्या व तिचे साधन ही दोन्ही मागे पडली.

आज जो आचार दिसतो, तो प्रामुख्याने विसाव्या शतकाने घडविला. हिंस्र श्वापदे विरळ झाली होती. शतकाच्या मध्यानंतर जंगलाचे पट्टेच्या पट्टे तोडून नवी लागवड होऊ लागली, आणि कोवळ्या झाडांवर एल्कची संख्या झपाट्याने वाढली. १९८२ साली स्वीडनमध्ये सुमारे पावणेदोन लाख एल्क मारले गेले. पुढे हा आकडा बराच खाली आला. शिकार गावच्या टोळीने होऊ लागली. ह्या टोळीस ‘याक्तलाग’ म्हणतात. स्वीडिशमध्ये ‘लाग’ ह्या शब्दाचे टोळी व कायदा असे दोन्ही अर्थ आहेत, आणि दोहोंचे मूळ ‘ठेवणे, मांडणे’ ह्या धातूत आहे. टोळीतील नेमून दिलेली जागा न सोडणे, कुत्र्याच्या भुंकण्यावरून जनावराची चाल ओळखणे, मांसाची वाटणी करणे, हे सारे मूल वडिलांच्या शेजारी बसून शिकते.

ह्या शिक्षणातील सर्वांत कठीण पाठ निराळाच आहे. मादी आणि पाडस एकत्र दिसल्यास आधी पाडसावर गोळी झाडावी, मादीवर कदापि नव्हे, असा दंडक आहे. पाडस वर्षभर आईच्या मागे राहते. आईवाचून पहिला हिवाळा निभावणे त्याला अवघड जाते. म्हणजे आईबाप आणि मूल ह्यांच्या नात्याचा आदर कसा करावा, हे येथे आईबाप मुलाला शिकवितात, आणि तेही पाडसाच्या मृत्यूच्या द्वारे. हा नियम कोणास क्रूर वाटेल, कोणास दयाळू. परंतु तो केवळ सांगून पटत नाही, कोणाच्या तरी सोबतीने पाहावा लागतो.

१९८५ पासून स्वीडनमध्ये शिकाऱ्यांसाठी परीक्षा सुरू झाली. त्यामुळे ज्याचे वडील शिकारी नव्हते त्यालाही ही विद्या खुली झाली, आणि मुलगाच वारस ही कल्पनाही सैल होऊन मुली मोठ्या संख्येने टोळीत येऊ लागल्या. परंपरा बुडाली असा शोक येथे अस्थानी ठरेल, कारण ती मुळात अनादि नव्हतीच. ती अर्वाचीन आहे म्हणून खोटी ठरते, असेही नव्हे. ‘एल्य’ हा शब्द सहस्रावधी वर्षांचा आहे, आणि बापाने मुलाला उजळ माथ्याने रानात नेण्याचा सामान्य शेतकऱ्याचा हक्क १७८९ पासूनचा. शब्दाच्या वयावरून आचाराचे वय ठरविण्याचा मोह भाषेच्या अभ्यासकाने टाळावा, एवढा बोध ह्या उदाहरणावरून निश्चित घेता येईल.