शान्शीचा येन शीशान

चीनच्या उत्तरेकडील शान्शी प्रांताला पूर्वेस ताइहांग पर्वत, पश्चिमेस आणि दक्षिणेस पीत नदी अशी नैसर्गिक तटबंदी आहे. या तटबंदीच्या आत १९११ ते १९४९ या काळात, एक छोटा खंड वगळता, येन शीशान या लष्करशहाचा अंमल चालला. त्या काळातील बहुतेक लष्करशहा चार-दोन वर्षांत उखडले गेले. इतका टिकाव त्यांच्यापैकी फारच थोड्यांना धरता आला.

येनचा जन्म १८८३ मध्ये वुताय जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. वडिलांची लहानशी पेढी बुडाल्यावर त्याने ताइयुआनच्या लष्करी शाळेत प्रवेश घेतला. १९०४ मध्ये सरकारी खर्चाने तो जपानला गेला. तिथे त्याने लष्करी शिक्षण पूर्ण केले आणि सुन यत्सेनच्या क्रांतिकारी संघटनेचे सभासदत्वही घेतले. ऑक्टोबर १९११ मध्ये ताइयुआनच्या पलटणींनी मांचू राजवटीविरुद्ध बंड केले, तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा येन प्रांताचा लष्करी प्रमुख झाला. पुढे पेकिंगमध्ये ज्याचे पारडे जड, त्याच्याशी जुळवून घेत त्याने आपली गादी सांभाळली. १९१७ मध्ये मुलकी कारभारही त्याच्याच हाती आला.

त्याच्या राजवटीचे वेगळेपण इथून दिसू लागते. इतर लष्करशहांना खेड्यातून कर आणि रंगरूट मिळाले की पुरे होते. येनला खेड्याचे वागणेच बदलायचे होते. त्याने पाच घरांचा एक गट, अशा पाच गटांचा म्हणजे पंचवीस घरांचा मोठा गट आणि त्यावर गाव अशी उतरंड रचली. प्रत्येक पायरीवर प्रमुख नेमला. पाटबंधारे, वृक्षलागवड आणि रेशीम उद्योग वाढवणे, तसेच अफू, स्त्रियांचे पाय बांधणे आणि पुरुषांची वेणी बंद करणे, हा त्याचा सहा कलमी कार्यक्रम याच उतरंडीतून घरोघर पोचवण्यात आला. नागरिकांच्या कर्तव्यांची पुस्तिका वाटली गेली, मुलामुलींसाठी सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम निघाला आणि आत्मशुद्धीसाठी रविवारच्या सभा भरू लागल्या. परदेशी मिशनरी शान्शीला ‘आदर्श प्रांत’ म्हणू लागले.

त्यांची स्तुती खोटी नव्हती, पण अर्धवट होती. गावप्रमुख होण्यासाठी मालमत्तेची अट होती, त्यामुळे सुधारणांची अंमलबजावणी जमीनदार आणि सावकारांकडेच गेली. पाय बांधण्याच्या प्रथेविरुद्ध तपासनीस फिरले, दंड झाले. तरी दूरच्या खेड्यांत ती बरीच वर्षे तग धरून राहिली, कारण न बांधलेल्या पायांच्या मुलीला स्थळ कसे मिळणार ही आईबापांची धास्ती हुकमाने जाणारी नव्हती. अफूची कथा तर याहून बोलकी आहे. प्रांतातील खसखशीची लागवड येनने बरीचशी मोडून काढली, पण शेजारच्या प्रांतांतून अफू चोरून येत राहिली आणि तिच्यासाठी शान्शीतला पैसा बाहेर जाऊ लागला. अखेर १९३० च्या दशकात सरकारच व्यसनमुक्तीचे ‘औषध’ म्हणून अफूयुक्त गोळ्या विकू लागले. ज्या विषाविरुद्ध मोहीम उघडली, तेच महसुलाचे साधन बनले!

राष्ट्रीय राजकारणात उतरणे येनला महागात पडले. १९३० मध्ये फंग युश्यांग या लष्करशहाला साथीला घेऊन त्याने राष्ट्रवादी सरकारच्या चँग कै-शेकविरुद्ध युद्ध पुकारले. मांचुरियाच्या चांग श्वेलियांगने चँगची बाजू घेताच आघाडी कोसळली. येनला जपानी ताब्यातील दालियनमध्ये आसरा घ्यावा लागला आणि शान्शीच्या नोटा कवडीमोल झाल्या. १९३१ मध्ये परतल्यावर त्याने उद्योगांवर भर दिला. ताइयुआनमध्ये शस्त्रांचा मोठा कारखाना आधीपासून होताच. आता पोलाद, सिमेंट, कापड यांच्या सरकारी गिरण्या आणि कारखाने वाढले. प्रांताच्या उत्तर-दक्षिण टोकांना जोडणारा लोहमार्गही घातला गेला, तोही मीटरगेज. बाहेरच्या सैन्याच्या गाड्या आत येऊ नयेत म्हणून रूळ अरुंद ठेवले, असे लोक सांगत. पण पैशांची बचत हे कारणही तितकेच खरे होते.

१९३६ मध्ये कम्युनिस्टांची लाल सेना पीत नदी ओलांडून शान्शीत घुसली. जपानचा धोका दिसताच याच कम्युनिस्टांशी येनने युती केली. नोव्हेंबर १९३७ मध्ये ताइयुआन जपान्यांकडे गेले आणि प्रांताचा ग्रामीण भाग हळूहळू कम्युनिस्टांकडे. शान्शीचा ईशान्य भाग ज्या कम्युनिस्ट सीमाप्रदेशात मोडत होता, त्यातच पुढे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले. १९३९ च्या अखेरीस युती फुटली. १९४५ नंतर तर येनने शरण आलेल्या हजारो जपानी सैनिकांना आपल्याच फौजेत ठेवून कम्युनिस्टांविरुद्ध लढवले.

त्याने उभारलेली गावपातळीवरची यंत्रणा वरून हुकूम पोचवण्यात तरबेज होती. मात्र कुळांची कर्जे, खंड आणि जमीन यांना तिने फारसा हात लावला नाही. १९३५ मध्ये त्याने जमीन गावाच्या मालकीची करण्याची योजना मांडली, पण ती कागदावरच राहिली. कम्युनिस्टांना खेड्यात जागा मिळाली ती इथेच. मार्च १९४९ मध्ये येन विमानाने ताइयुआनबाहेर पडला आणि २४ एप्रिलला शहर पडले. कोसळत्या राष्ट्रवादी सरकारचा पंतप्रधान म्हणून त्याने काही महिने काढले. १९६० मध्ये तैवानमध्ये त्याचा मृत्यू झाला.