मृत्यूच्या दाखल्यावर नसलेले शिसे

माणूस हृदयविकाराच्या झटक्याने गेला की दाखल्यावर तेवढेच लिहिले जाते. मागाहून घरात रक्तदाब, साखर, तंबाखू यांची चर्चा होते. शिशाचे नाव कोणी काढत नाही. आपल्यासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत ते का निघाले नाही, हा वैद्यकाइतकाच इतिहासाचाही प्रश्न आहे.

मी या विषयाकडे आलो तो शेंदराच्या वाटेने. देवळांतल्या शेंदूर लावलेल्या मूर्तींची माहिती जमवताना पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड हे वाचनात आले आणि मी त्या धातूच्याच मागे लागलो. रसशास्त्र त्याला ‘नाग’ म्हणते आणि शोधन केल्यावाचून वापरू नये असे बजावते. युरोपातल्या वैद्यांनाही रंगारी आणि भट्टीवरचे मजूर यांचा पोटशूळ व लुळे पडणारे मनगट परिचित होते. १८८६ साली लोरिमर या डॉक्टरांनी शिशाची बाधा झालेल्यांत रक्तदाब वाढलेला असतो, अशी नोंद केली. धागा तेव्हाच हाती आला होता. पण ही बाधा कारखान्याच्या भिंतीआडची, कामगारांची मानली गेली.

पेट्रोलने ती भिंत पाडली. इंजिनाची ठोठो थांबवण्यासाठी शिशाचे एक संयुग उपयोगी पडते, हे थॉमस मिजली यांना अमेरिकेत १९२१ मध्ये आढळले आणि १९२३ मध्ये तसे पेट्रोल विक्रीला आले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात ते संयुग तयार करणारे पाच कामगार दगावले. १९२५ च्या वॉशिंग्टन परिषदेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी निक्षून विरोध केला. पण अपाय सिद्ध करण्याचा भार विरोध करणाऱ्यांवरच पडला आणि विक्री पुन्हा सुरू झाली. पुढची चाळीस वर्षे या विषयावर शब्द चालला तो रॉबर्ट केहो यांचा, आणि त्यांच्या संशोधनाला पैसा उद्योगाचाच होता. शरीरात थोडे शिसे असणे स्वाभाविकच, असे ते सांगत. पृथ्वीचे वय मोजणारे क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, ज्याला आपण स्वाभाविक म्हणतो तेच मुळात प्रदूषित आहे.

आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आले आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबले. म्हणजे माझ्या पिढीने बालपण आणि तारुण्य त्याच धुरात काढले. हे जुने झाले म्हणून सोडून देता येत नाही, कारण शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि ते तिथे दशकानुदशके राहते. वय वाढून हाडे झिजू लागली, बायकांची पाळी थांबली, की ते पुन्हा रक्तात उतरते. रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, मूत्रपिंडे थकतात, रक्तदाब चढतो. ज्याच्या आहारात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचे शरीर शिसे अधिक शोषते. गरिबाला ते असे दोनदा गाठते.

अमेरिकेत चौदा हजारांहून अधिक प्रौढांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तात शिशाचे प्रमाण कमी असले, तरी हृदयविकाराने मरण्याचा धोका वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. २०२३ मध्ये जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी असे संबंध साऱ्या जगाला लावून पाहिले. २०१९ या एका वर्षात शिशामुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने सुमारे ५५ लाख प्रौढ दगावले असावेत, आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले, असा त्यांचा अंदाज आहे. आधीचा प्रचलित अंदाज नऊ लाखांचा होता. हे गणित आहे, मोजदाद नव्हे. एवढी तफावत पडते, कारण गरीब देशांत प्रौढांच्या रक्तातले शिसे मोजलेच फार थोडे गेले आहे.

पेट्रोल गेले तरी शिसे उरले आहे: उघड्यावर फोडून वितळवल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्यांत, रंगांत, भांड्यांत आणि मसाल्यांत. बांगलादेशची हळद यात बोलकी आहे. १९८० च्या दशकात पुरामुळे हळकुंडे नीट वाळेनात, रंग काळपट पडू लागला. तेव्हा पॉलिश करताना लेड क्रोमेट हे पिवळेधमक रंगद्रव्य घालण्याची रीत पडली. पुढे संशोधकांनी गरोदर बायकांच्या रक्तातले शिसे आणि हळदीतले शिसे यांचा मेळ घालून दाखवला. सरकारने बाजारांत सूचना लावल्या, गिरण्यांवर छापे घातले, दंड केले. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते. २०२१ मध्ये एकाही नाही. भारतातही पाटण्यातल्या हळदीच्या नमुन्यांत ते फार मोठ्या प्रमाणात आढळले आहे. हळदीचे सौदे ज्या सांगलीत होतात, त्या महाराष्ट्राने याकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये.

बांगलादेशाला हे जमले, कारण आधी कोणीतरी मोजले. आपणही एकदा मोजले होते. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालील हजारावर मुलांचे रक्त शिशासाठी तपासले गेले. शंभरातल्या ७६ मुलांत ते दर डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम निघाले. आज ५ हे प्रमाणही दखल घेण्याजोगे मानले जाते. पुढच्या फेऱ्यांत हिमोग्लोबिन तपासले गेले, नंतर रक्तदाब आणि साखरही आली. शिशाची तपासणी मात्र परत आली नाही. ती मुले आता पंचविशी ओलांडून गेली आहेत. सर्वेक्षणाची माणसे त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधतील, आकडा लिहून घेतील. त्याच भेटीत, सुईच्या त्याच टोचणीत, शिशासाठी रक्ताचा एक थेंब घ्यायला काय हरकत आहे?