वेब अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचे कॉन्फिगरेशन : एका श्रमविभागणीचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासावर आजवर जे लेखन झाले, त्यात यंत्रे, भाषा आणि उद्योजक यांना मानाचे स्थान मिळाले. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलींकडे मात्र निव्वळ तांत्रिक तपशील म्हणून पाहिले गेले. वस्तुतः इतिहासाच्या अभ्यासकासाठी अशी फाइल हा अस्सल कागद आहे. प्रोग्रॅम लिहिणारा आणि सर्व्हर सांभाळणारा यांच्यात त्या त्या काळी कामाची व जबाबदारीची जी वाटणी ठरली, ती तीत नोंदलेली असते. आणि वाटणी मोडल्यानंतरही नोंद पुष्कळदा तशीच राहते. प्रस्तुत निबंधात अपाची टॉमकॅट या सर्व्हरच्या आधारे या वाटणीचा मागोवा घेतला आहे. काटेकोर परिभाषेत टॉमकॅट हा केवळ ‘सर्व्हलेट कंटेनर’ होय, पूर्ण अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर नव्हे; तथापि प्रस्तुत विवेचनाला त्याने बाधा येत नाही.

सर्व्हलेटपूर्व काळ

१९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात वेब सर्व्हरला बाह्य प्रोग्रॅम चालवता यावा म्हणून ‘सीजीआय’ ही पद्धत निघाली. प्रोग्रॅम एका ठरावीक डिरेक्टरीत ठेवायचा आणि विनंती आली की सर्व्हरने तो चालवायचा, इतकाच हा व्यवहार होता. प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू होई व काम संपताच ती नाहीशी होई. ही रीत खर्चिक होती खरी, पण तिचा एक गुण दुर्लक्षिला जातो : प्रोग्रॅम बिघडला तरी सर्व्हर सहसा उभा राहत असे, कारण दोघांचे संसार वेगळे होते. एनसीएसएच्या सर्व्हरवर दुरुस्त्या करणाऱ्यांच्या गटातून १९९५ साली अपाची सर्व्हर उभा राहिला, त्यानेही ही पद्धत पुढे चालवली.

सन कंपनीने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या सर्व्हलेट तंत्राने हे अंतर मिटवले. सर्व्हलेट एकदा स्मृतीत चढला की तेथेच राहतो आणि येणाऱ्या विनंत्या वेगवेगळ्या थ्रेडमधून हाताळतो. वेग वाढला, पण आता परक्याचा प्रोग्रॅम सर्व्हरच्या घरातच राहावयास आला. त्याला कोणी आत घ्यावे, कोणत्या पत्त्यावर बसवावे, केव्हा बाहेर काढावे, हे प्रश्न त्यातून उभे राहिले. आरंभी प्रत्येक सर्व्हरची उत्तरे निराळी होती. अपाची जेसर्व्ह या प्रकल्पात प्रोग्रॅमांचे ‘झोन’ पाडले जात आणि प्रत्येक झोनची फाइल हाताने लिहावी लागे. एका सर्व्हरवरील अ‍ॅप्लिकेशन दुसऱ्यावर न्यायचे, तर ही सारी लिखापढी पुन्हा करणे आले.

१९९९ चा करार

१९९९ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. सर्व्हलेट तंत्राच्या २.२ या आवृत्तीने ‘वेब अ‍ॅप्लिकेशन’ ही स्वतंत्र वस्तू मानली आणि तिच्यासाठी ‘वॉर’ नावाची गठडी ठरवून दिली. ही गठडी म्हणजे झिप पद्धतीने बांधलेली एक फाइल. तिच्या आत ‘वेब-इन्फ’ ही डिरेक्टरी, जिच्यातील काहीही ब्राउझरला थेट देता येत नाही. आणि त्या डिरेक्टरीत ‘वेब डॉट एक्सएमएल’ हे वर्णनपत्र. कोणता पत्ता कोणत्या सर्व्हलेटकडे जावा, वापरकर्त्याचे सत्र किती मिनिटांनी संपावे, कोणत्या पानाला कोणती भूमिका लागेल, हे त्यात नमूद असे.

या रचनेतील सर्वांत अर्थपूर्ण भाग डेटाबेसविषयीचा आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वर्णनपत्रात डेटाबेसचे फक्त एक कल्पित नाव द्यावे. प्रत्यक्ष यंत्राचा पत्ता आणि परवलीचा शब्द सर्व्हर सांभाळणाऱ्याने आपल्या बाजूच्या फाइलीत लिहून त्या नावाशी जोडावा, अशी ही योजना होती. प्रोग्रॅमरला परवलीचा शब्द कळण्याची गरज नव्हती आणि व्यवस्थापकाला प्रोग्रॅम वाचण्याची. त्याच वर्षीच्या जे-टू-ईई या व्यापक विनिर्देशात तर घटक लिहिणारा, त्यांची जुळणी करणारा, डिप्लॉय करणारा आणि व्यवस्था पाहणारा अशा भूमिका स्वतंत्रपणे सांगितल्या आहेत. कागदावर ही वाटणी बलुतेदारीइतकी रेखीव दिसते. लहान संस्थेत मात्र चारही बलुती एकाच माणसाच्या गळ्यात पडत, आणि मग करारातील दोन्ही पक्षांच्या सह्या तोच करी.

याच वर्षी सनने जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेला सर्व्हलेटचा संदर्भ-सर्व्हर अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला देऊ केला. तोच टॉमकॅट. स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी म्हणून डेव्हिडसन यांनी बोक्याचे नाव निवडले होते. ज्या प्रकल्पाखाली तो वाढला त्याला सनमधील एका बैठकीच्या खोलीवरून ‘जकार्ता’ हे नाव मिळाले. क्रेग मॅक्लॅनाहन यांनी नव्याने रचलेल्या ‘कॅटलिना’ या गाभ्यासह टॉमकॅटची चौथी आवृत्ती २००१ साली आली.

कराराच्या भेगा

‘वेबअ‍ॅप्स’ डिरेक्टरीत वॉर फाइल टाकावी आणि सर्व्हर न थांबवता अ‍ॅप्लिकेशन सुरू व्हावे, हे टॉमकॅटचे आश्वासन होते. व्यवहारात तीच फाइल काही वेळा बदलली की स्मृती भरून सर्व्हर कोलमडत असे. कारण असे की, प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला स्वतंत्र क्लासलोडर दिलेला असतो. जुने अ‍ॅप्लिकेशन काढल्यावर त्याचा क्लासलोडरही नष्ट व्हावयास हवा. परंतु एखादा चालू राहिलेला थ्रेड अथवा नोंद न पुसलेला डेटाबेस ड्रायव्हर त्याला धरून ठेवी. चूक प्रोग्रॅमरच्या लेखनात आणि मध्यरात्री उठून सर्व्हर पुन्हा सुरू करणार व्यवस्थापक, अशी ही स्थिती. टॉमकॅटच्या सहाव्या-सातव्या आवृत्तीच्या काळात या गळतीची तपासणी सर्व्हरमध्येच आली; सीमेवरील तंट्याची दखल सर्व्हरला घ्यावी लागली, असा त्याचा अर्थ.

दुसरी भेग अधिक गंभीर होती. ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’ या मुख्य फाइलीत ८००९ क्रमांकाच्या पोर्टची एक ओळ मूळचीच चालू स्थितीत येत असे. ती ‘एजेपी’ या संवादपद्धतीची. जेसर्व्हच्या काळात पुढे अपाची आणि मागे जावाचा सर्व्हर अशी जोडी असे. पुढचा मागच्याला जे सांगेल ते खरे मानावे, या विश्वासावर एजेपी बेतलेली होती. कालांतराने पुष्कळ ठिकाणी एजेपीचे काम उरले नाही, पण ओळ राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ नावाने उघड झालेल्या दोषात दिसून आले की, हे पोर्ट बाहेरून गाठता येत असेल तर परक्याला वेब-इन्फमधील फाइलीही वाचता येतात. म्हणजे १९९९ च्या कराराने जे दालन बंद ठेवले, त्याची मागची खिडकी त्याहून जुन्या विश्वासाने उघडी ठेवली होती. ९.०.३१ या आवृत्तीपासून ती ओळ मूळ फाइलीत बंद करण्यात आली. या प्रकरणी केवळ निष्काळजी व्यवस्थापकाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. जी ओळ त्याने लिहिलीच नव्हती, ती खोडण्याची जबाबदारी त्याची आहे, असे त्याला ठळकपणे कोणी सांगितले होते?

वाटणीचा विलय

२००९ अखेरच्या सर्व्हलेट ३.० ने वर्णनपत्र ऐच्छिक केले. पत्त्यांची नोंद प्रोग्रॅममध्येच करता येऊ लागली. २०१३ साली डॉकर आणि २०१४ साली स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती आली, आणि सर्व्हर अ‍ॅप्लिकेशनच्या पोटात गेला. पाहुण्याने यजमानालाच पिशवीत घालून आणावे, तसे हे झाले. डिप्लॉय करणाऱ्याची भूमिका त्यामुळे प्रोग्रॅमरकडे सरकली. परवलीचे शब्दही पुष्कळदा त्याच्याच फाइलींत येऊन बसले.

नावांचा प्रवासही लक्षणीय आहे. अपाचीचा जकार्ता प्रकल्प २०११ साली विसर्जित झाला, आणि जे-टू-ईईचा वारस असलेल्या जावा ईईला एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर २०१८ साली ‘जकार्ता ईई’ हेच नाव मिळाले. ‘जावाएक्स’ हा जुना उपसर्ग व्यापारचिन्हाच्या अटींमुळे नव्या विकासात वापरता येईना, म्हणून २०२० च्या नवव्या आवृत्तीत प्रोग्रॅममधील नावेच बदलली गेली. परिणामी टॉमकॅटच्या दहाव्या आवृत्तीवर जुनी वॉर फाइल जशीच्या तशी चालत नाही. तिच्यासाठी ‘वेबअ‍ॅप्स-जावाईई’ अशी वेगळी डिरेक्टरी ठेवलेली आहे. तेथे टाकलेल्या जुन्या गठडीतील नावे सर्व्हर स्वतः पालटून घेतो आणि मगच तिला आत घेतो.