कंपनी सुटली तरी महिने सुटत नाहीत : पीएफची 'सर्व्हिस हिस्ट्री' कशी तपासायची?

दिवाळी झाली की चाकणला जायचं, पेरणीला गावाकडं यायचं, पुढच्या वेळी वाळूज नाहीतर रांजणगावची कंपनी धरायची. जिल्ह्या-जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतल्या पोरांची नोकरी अशी तुकड्यातुकड्यानंच झालेली असते. दोन वर्षं इथं, दीड वर्ष तिथं, मध्ये सहा-आठ महिने घरी. 'आपली नोकरी काय सलग नाही, आपल्याला कुठली पेन्शन' असं धरून कंपनी सोडली की दोन-तीन महिन्यांत ऑनलाइन फॉर्म भरून पीएफचे सगळे पैसे काढले जातात.

नुकसान इथंच होतं. पेन्शनच्या हिशोबात नोकरी सलग असावीच लागते असं नाही. तुकडे एकमेकांना जोडले जातात. घरी बसलेले महिने मोजले जात नाहीत, पण त्यांच्यामुळे आधीचे महिने पुसलेही जात नाहीत. ते पुसले जातात पेन्शनचे पैसे काढल्यावर.

दहा वर्षं कशी भरतात?

पीएफसाठी कामगाराच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून १२ टक्के कापले जातात. मालकही तेवढेच भरतो. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत म्हणजे ईपीएस-९५ मध्ये जातात आणि उरलेले पीएफमध्ये. पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये असल्यानं महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये तिकडे जमा होतात. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू आहे. सगळ्या नोकऱ्या मिळून १० वर्षांची सेवा भरली की वयाच्या ५८ व्या वर्षापासून महिन्याला पेन्शन मिळते, मग शेवटची कंपनी सोडून कितीही वर्षं झालेली असोत.

एक उदाहरण पाहू. समजा, एकानं चाकणला २ वर्षं ४ महिने काम केलं, मग वर्षभर घरी राहिला. नंतर वाळूजला ३ वर्षं २ महिने. पुढं शेती आणि घरातलं लग्न यात आठ महिने गेले. शेवटी रांजणगावला ४ वर्षं १ महिना. बेरीज होते ९ वर्षं ७ महिने. नियमानुसार सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून ही सेवा १० वर्षांची झाली. हा माणूस पेन्शनला पात्र ठरला, आणि वय कदाचित पस्तिशीच्या आतच असेल.

याच माणसानं पहिल्या दोन कंपन्या सोडताना पेन्शनचे पैसेही काढले असते, तर हिशोबात फक्त ४ वर्षं १ महिना उरला असता. साडेपाच वर्षं गेली ती गेली.

पेन्शन किती बसते हेही सोपं आहे. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सरासरी १५,००० आणि सेवा १० वर्षं असेल तर महिन्याला सुमारे २,१४३ रुपये. १५ वर्षं झाली तर ३,२१४ रुपये. किमान पेन्शन १,००० रुपये आहे. रक्कम फार मोठी नाही, हे खरंच. पण ती मरेपर्यंत येते आणि मागं पत्नीला निम्मी पेन्शन चालू राहते. याउलट पैसे काढले तर ढोबळमानानं जितकी वर्षं झाली तितक्या महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम एकदाच हातात पडते. सहा वर्षांचे साठ-सत्तर हजार एका हंगामाच्या बी-बियाण्यात आणि उधारीत कुठं जातात ते कळतही नाही.

फॉर्म १९ आणि फॉर्म १०-सी

गोंधळ या दोन फॉर्मचा आहे. फॉर्म १९ पीएफचे पैसे काढायचा, १०-सी पेन्शनच्या पैशांचा. सेंटरवर बहुतेक वेळा दोन्ही एकदमच भरले जातात. 'सगळे काढून द्या' एवढंच सांगितलं तर तो बिचारा तरी काय करणार!

पैशांची नड असेल आणि पीएफ काढायचाच असेल, तर फक्त फॉर्म १९ भरता येतो. १०-सी भरलाच नाही तर सेवा खात्यावर तशीच राहते. १०-सी मध्येच पैशांऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' मागायचीही सोय आहे. त्या कागदावर झालेली सेवा लिहून मिळते आणि पुढची नोकरी लागल्यावर ती जोडली जाते. नोकरी चालू असताना आजारपण, लग्न, घर यासाठी घेतलेल्या ॲडव्हान्समुळे, म्हणजे फॉर्म ३१ मुळे, सेवेचा एक दिवसही कमी होत नाही.

नोकरी गेल्यावर दोन महिन्यांनी सगळे पैसे काढता येतात, ही सवय सगळ्यांना पडलेली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं ही मुदत पीएफसाठी १२ महिने आणि पेन्शनच्या रकमेसाठी ३६ महिने करण्याचा निर्णय घेतला. त्यामागचं एक कारण हेच, की लोक घाईनं पैसे काढून पेन्शन घालवतात.

मशीन एकच, ठेकेदार तीन

सर्व्हिस हिस्ट्री पाहण्यासाठी १२ अंकी यूएएन नंबर आणि आधारला जोडलेला मोबाइल लागतो. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन केलं की 'व्ह्यू' मध्ये 'सर्व्हिस हिस्ट्री' सापडते. उमंग ॲपवरूनही ईपीएफओच्या सेवा वापरता येतात. तिथं प्रत्येक नोकरीसाठी आस्थापनेचं नाव, मेंबर आयडी, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते.

पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो, कारण नावं ओळखीची नसतात. पोरगा सांगतो मोठ्या गाडीच्या कंपनीचं नाव, यादीत असतं ठेकेदाराच्या एजन्सीचं. वर्षभरानं ठेका बदलला की त्याच गेटमधून आत जाऊन त्याच मशीनवर काम करणाऱ्याचा मेंबर आयडी नवीन होतो. मेंबर आयडी कितीही झाले तरी यूएएन एकच राहायला पाहिजे. नव्या ठिकाणी रुजू होताना फॉर्म ११ भरून घेतात, त्यात जुना यूएएन लिहायचा असतो. 'आधी कुठं काम केलं नाही' असं लिहून मोकळं झालं की दुसरा यूएएन तयार व्हायचा धोका असतो आणि मागची सेवा जोडायची राहते. असं झालं असेल तर जुनं खातं सध्याच्या खात्यात ट्रान्सफर करून घ्यावं लागतं.

यादीत तीन गोष्टी नीट पाहाव्यात. एक, कुठली नोकरी गाळली गेली आहे का. दोन, सोडल्याची तारीख टाकली आहे का. तीन, दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकांवर चढल्या आहेत का. जुनी नोकरी जूनमध्ये संपली आणि नवी मे महिन्यातच लागली असं दिसलं, तर ट्रान्सफर आणि क्लेम दोन्ही अडकतात.

सोडल्याची तारीख ठेकेदारानं टाकलीच नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. पण त्यासाठी त्याच्या मागं फिरायची गरज राहिलेली नाही. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की 'मॅनेज' मधल्या 'मार्क एक्झिट' वर जाऊन आधार ओटीपीनं कामगार स्वतः तारीख टाकू शकतो. ज्या महिन्यात शेवटची वर्गणी पडली त्याच महिन्यातली तारीख चालते. ती विचार करूनच टाकावी, कारण एकदा टाकल्यावर स्वतःला सहज बदलता येत नाही.

पगारातून कापले, पण भरले का?

पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते म्हणून पैसे जमा झाले असं होत नाही. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पासबुक उघडून चिठ्ठीशी महिना-महिना जुळवावं. रजिस्टर मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला तरी शेवटची जमा आणि शिल्लक कळते. ठेकेदारानं पैसे भरलेच नाहीत आणि पळाला, तर ठेका देणाऱ्या मूळ कंपनीवर ते भरायची जबाबदारी कायद्यानं येते. अशा वेळी पगाराची चिठ्ठी, बँक पासबुकमधली पगाराची नोंद आणि गेटपास हेच पुरावे उपयोगी पडतात. कंपनी सोडताना गेटपास परत घेतात, म्हणून आधीच त्याचा फोटो काढून ठेवलेला बरा.

एक गोष्ट घरच्यांनाही माहीत असावी. कामावर असताना कामगाराचा मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंबाला पेन्शन मिळते आणि ईडीएलआय विम्यातून जास्तीत जास्त ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. त्यासाठी ई-नॉमिनेशन भरलेलं असावं. लग्नाआधी आईचं किंवा वडिलांचं नाव टाकलेलं असेल तर लग्नानंतर ते नव्यानं भरावं लागतं. हे बहुतेकांचं राहूनच जातं.

नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर आधी ती दुरुस्ती करावी. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारनं तपासलेला असेल तर जानेवारी २०२५ पासून ही दुरुस्ती स्वतः ऑनलाइन करता येते. त्याआधीच्या यूएएनला जॉइंट डिक्लेरेशन लागतं.

यातल्या कुठल्याही कामाला ईपीएफओ फी घेत नाही. सेंटरवाल्याचे फॉर्म भरण्याचे पैसे वेगळे, पण रकमेत टक्केवारी मागणाऱ्याला ओटीपी सांगू नये. अडचण असेल तर १४४७० ही हेल्पलाइन आहे. शिवाय 'निधी आपके निकट' या उपक्रमात दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात शिबिर भरतं आणि त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाताना आधार, बँक पासबुक, यूएएन नंबर आणि जुन्या कंपन्यांचे हाताशी असतील तेवढे कागद सोबत न्यावेत.