कोकण किनारपट्टीवरील प्रेक्षणीय स्थळे : बंदर ते पर्यटनस्थळ या प्रवासाचा ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : कोकण, जलदुर्ग, बंदर, आरमार, आगबोट, पर्यटन, वारसा

प्रस्तावना :

महाराष्ट्राला उत्तरेस डहाणूपासून दक्षिणेस तेरेखोलपर्यंत साधारणतः ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. या किनाऱ्यावरील पुळणी, खाड्या, नारळी-पोफळीच्या बागा, जलदुर्ग आणि देवालये आज महाराष्ट्रातील पर्यटकांचे मोठे आकर्षण ठरली आहेत. बुलडाणा जिल्ह्यासारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भागातूनही दरवर्षी हिवाळ्यात शाळा-महाविद्यालयांच्या सहली एस.टी. बसने कोकणात जातात. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहणारे विद्यार्थी त्यांत मोठ्या संख्येने असतात.

विदर्भाच्या या कोपऱ्याचा आणि कोकणच्या समुद्राचा संबंध केवळ सहलीपुरता नाही. देऊळगाव राजा व सिंदखेड राजा ही जाधवराव घराण्याची गावे. सिंदखेड येथे १२ जानेवारी १५९८ रोजी लखुजी जाधवरावांच्या पोटी जिजाबाईंचा जन्म झाला. या पूर्णतः भूवेष्टित मुलखातील कन्येच्या पुत्राने पुढे समुद्रात किल्ले उभारले आणि आरमाराची पायाभरणी केली. सिंदखेडचा राजवाडा पाहून सिंधुदुर्ग पाहणाऱ्याला हा धागा आपोआप जाणवावयास हवा; परंतु सहलीच्या वेळापत्रकात तो क्वचितच सापडतो.

आज ‘प्रेक्षणीय’ म्हणून ओळखली जाणारी कोकणातील बहुतेक स्थळे पाहण्यासाठी निर्माण झालेली नव्हती. ती व्यापाराची, जकातीची, युद्धाची व उपासनेची ठिकाणे होती. ती प्रेक्षणीय केव्हा व कशी झाली, आणि या स्थित्यंतरात त्यांच्या इतिहासाचे काय झाले, याचा शोध प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे.

बंदरांचा काळ :

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कोकणातील अनेक बंदरांचा उल्लेख येतो. त्यांतील ‘सेमिल्ला’ म्हणजे आजचे रायगड जिल्ह्यातील चौल होय, यावर अभ्यासकांचे सामान्यतः एकमत आहे. त्या ग्रंथकर्त्याला चौलच्या निसर्गाशी कर्तव्य नव्हते. कोणत्या बंदरात कोणता माल मिळतो आणि कोठे चाच्यांचे भय आहे, हे त्याला सांगावयाचे होते. पुढे १५०८ मध्ये याच चौलच्या पाण्यात पोर्तुगीज आणि इजिप्त-गुजरातचे संयुक्त आरमार यांची लढाई झाली व पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा तीत मारला गेला. आजचा प्रवासी रेवदंड्याच्या तटाजवळून माडांच्या सावलीत जातो, तेव्हा आपण हिंदी महासागराच्या राजकारणातील एका मोठ्या घडामोडीच्या जागी आहोत, याची त्याला सहसा कल्पना नसते.

वेंगुर्ल्याची गोष्टही अशीच. तेथील डचांची वखार सतराव्या शतकातील आहे. दाभोळ, राजापूर, बाणकोट ही नावे तत्कालीन युरोपीय कागदपत्रांत वारंवार येतात. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या रत्नागिरी व सावंतवाडीविषयक खंडातही किनाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी मुख्यत्वे प्रशासकाचीच आहे. बंदरे, नौकानयन, आयात-निर्यात हे तिचे विषय आहेत.

सिंधुदुर्ग आणि आरमाराची गरज :

इ.स. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांचा समुद्राशी प्रत्यक्ष संबंध आला. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, इंग्रज आणि वेंगुर्ल्याचे डच अशा चार सत्तांच्या मध्ये कोकणची रयत व व्यापार सुरक्षित ठेवावयाचा, तर आरमार अपरिहार्य होते. आणि आरमाराला सुरक्षित तळ हवा. मालवणजवळील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला, तो या गरजेतून. बांधकामाचे श्रेय परंपरेने हिरोजी इंदुलकर यांस दिले जाते. सुमारे ४८ एकरांच्या या बेटाला नागमोडी तटबंदीने वेढलेले असून तिची लांबी जवळजवळ तीन किलोमीटर भरते. पायाच्या दगडांत शिसे ओतण्यात आले. महाद्वार बाहेरून सहजी दिसू नये, अशी त्याची रचना आहे. हे सारे सौंदर्यासाठी केलेले नसून शत्रूच्या तोफा व भरतीच्या लाटा यांच्या हिशेबाने केलेले आहे.

किल्ल्यावरील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरींचे पर्यटकांना मोठे नवल वाटते. खाऱ्या समुद्राने वेढलेल्या खडकात गोडे पाणी लागणे हे आश्चर्य खरेच. परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, वेढ्याच्या काळात शिबंदी जगविणारे हेच साधन होते. पाण्याची सोय नसती तर येथे किल्लाच झाला नसता. किल्ल्याचे काम सुरू झाल्यानंतर अल्पावधीतच, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराजांनी मालवणहून निघून कर्नाटकातील बसरूरवर सागरी मोहीम केली, यावरून या तळाचे प्रयोजन स्पष्ट होते.

राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ मध्ये, किल्ल्यावर शिवराजेश्वर मंदिर उभारण्यात आले. शिवरायांची मूर्ती पूजेत असलेले हे मंदिर आजही तेथे आहे. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकून त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. पुढील वर्षी तो कोल्हापूरकरांकडे परत गेला आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांच्या हाती पडले. इंग्रजी नाव मात्र लोकांच्या तोंडी रुजले नाही.

येथे ‘आज्ञापत्रा’चा उल्लेख करणे आवश्यक वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या या ग्रंथातील आरमारविषयक प्रकरणात जहाजांसाठी लाकूड कसे मिळवावे, याचा विचार आला आहे. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून ती जबरदस्तीने तोडू नयेत, असा त्याचा आशय आहे. किनाऱ्यावर विकास करताना स्थानिकांच्या उपजीविकेला धक्का लावू नये, हे तत्त्व १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपेक्षा पावणेतीन शतके जुने आहे.

विजयदुर्ग : दंतकथा आणि इतिहास

शिलाहार राजा भोज दुसरा याच्या काळात उभारलेला, पुढे आदिलशाहीकडून मराठ्यांकडे आलेला आणि आंग्र्यांच्या काळात आरमाराचे केंद्र बनलेला विजयदुर्ग हा या किनाऱ्यावरील सर्वांत बलाढ्य दुर्ग होय. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन व रॉबर्ट क्लाइव्ह यांनी त्यावर हल्ला केला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. या हल्ल्यात पेशवे नानासाहेब इंग्रजांचे सहकारी होते, हे विसरून चालणार नाही. आपल्याच सागरी सामर्थ्यावर आपणच परक्याच्या हाताने घाव घातला, असे अनेक इतिहासकारांनी म्हटले आहे आणि ते मत ग्राह्य वाटते. तुळाजींचे वर्तन पेशव्यांना डोईजड झाले होते हे खरे. पण त्यावरचा उपाय रोगापेक्षा महाग पडला.

या किल्ल्यावर एक चौथरा दाखविला जातो. याच ठिकाणाहून १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या शास्त्रज्ञाने हेलियम वायूचा शोध लावला, असे पर्यटकांना सांगितले जाते व ते अनेक पुस्तिकांतूनही छापले गेले आहे. तपासून पाहता ही माहिती टिकत नाही. १८६८ च्या ग्रहणाचे वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून घेतले. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांनी ग्रहण नसतानाच तेथून सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवर हेलियम वेगळा करण्याचे काम १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांनी केले. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या वेळी त्यांनी तेथे मोठी वेधशिबिरे उभारली होती व नौदलाच्या जहाजावरील खलाशांचे साहाय्य घेतले होते. दोन वेगळ्या ग्रहणांची सरमिसळ होऊन ही आख्यायिका तयार झाली असावी.

हा मुद्दा किरकोळ नाही. १८९८ ची खरी हकिकत कमी रोचक नाही. वसाहतकालीन विज्ञान, नौदल आणि कोकणातील एक आडबाजूचे बंदर यांचा तो दुर्मीळ संगम आहे. परंतु ‘शोध येथे लागला’ हे वाक्य अधिक खपते. पर्यटनाला गोष्ट हवी असते, आणि सोपी गोष्ट खऱ्या गोष्टीला बाजूला सारते. विद्यार्थ्यांच्या वहीत जाते ती पहिलीच.

सुवर्णदुर्गाच्या बाबतीत याउलट घडले आहे. हर्णैजवळचा हा दुर्ग १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने घेतला. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळ शूटर्स हिल येथे त्याच्या स्मरणार्थ एक मनोरा बांधला व त्याला ‘सेवर्नड्रूग कॅसल’ असे नाव दिले. हे सुवर्णदुर्ग या नावाचेच इंग्रजी उच्चारातील रूप होय. तो मनोरा आजही उभा आहे. हर्णैला जाणाऱ्या किती पर्यटकांना ही गोष्ट सांगितली जाते?

पाहण्याजोगे कोकण :

इंग्रजी अमलात किल्ल्यांचे लष्करी महत्त्व संपले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून रत्नागिरी, वेंगुर्ले, पणजीकडे आगबोटी धावू लागल्या. त्यांतून प्रवास करणारा सहलीला निघालेला नव्हता. तो गिरणीत कामाला जाणारा किंवा गणपतीला घरी परतणारा चाकरमानी होता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी दगावले. कोकणच्या समुद्राची ही आठवण कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत नसते.

इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा यास १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले, ते हे गाव दूर व दुर्गम होते म्हणूनच. त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधलेला राजवाडा आज प्रेक्षणीय स्थळ आहे. तत्त्वतः ते एका बंदिवानाचे घर होते. राजा १९१६ मध्ये तेथेच वारला.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. रत्नागिरीचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. खऱ्या अर्थाने चित्र बदलले ते या वर्षापासून. ज्या प्रवासास पूर्वी घाटातून दीड दिवस लागे, तो एका रात्रीवर आला. गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर ही नावे घाटावर व विदर्भात घरोघरी पोहोचली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी येथे विमानतळाचेही उद्घाटन झाले.

वारसा आणि उपजीविका :

मालवणच्या समुद्रात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले. प्रवाळ व सागरी जीवसृष्टीच्या रक्षणाचा हेतू योग्य होता. मात्र त्या पाण्यावर पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणाऱ्यांनी निर्बंधांच्या भीतीने त्यास विरोध केला. आज तेथे पर्यटकांच्या होड्या फिरतात. बहुतांशी त्याच समाजातील तरुण त्या चालवितात. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा उत्पन्नही थांबते. वेळासचे उदाहरण येथे अधिक आशादायक आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव असलेल्या या खेड्यात २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. पूर्वी अंडी विकणाऱ्या गावाने पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहण्यासाठी येणाऱ्यांची घरीच राहण्या-जेवण्याची सोय केली. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा घटनांचीही नोंद घ्यावयास हवी, कारण पुढच्या पिढीचे दफ्तर यांतूनच तयार होणार आहे.

वारसा आणि देखावा यांतील अंतर मालवणात फार स्पष्टपणे दिसले. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनानिमित्त राजकोट येथे अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. समोरच्या कुरटे बेटावरील तटबंदी साडेतीन शतकांहून अधिक काळ त्याच वाऱ्याला व त्याच लाटांना तोंड देत उभी आहे. २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभारण्यात आला. तटबंदीच्या संवर्धनाकडे मात्र तितके लक्ष व तितकी गर्दी वळत नाही.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. यांपैकी खांदेरी सर्वांत कमी पाहिला जाणारा. १६७९ मध्ये महाराजांनी या बेटावर तट बांधावयास घेतला तेव्हा इंग्रजांनी आरमार पाठवून काम रोखण्याचा प्रयत्न केला. मायनाक भंडारी व दौलतखान यांनी तो हाणून पाडला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील चकमकीत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांच्या हाती लागले आणि १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी माघार घेतली. १९९८ मध्ये या बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे, ठोकल्यास धातूसारखा आवाज देणारा एक खडक आहे आणि वेताळाचे देऊळ आहे. परिसरातील कोळी बांधव या वेताळास आपला रक्षक मानतात. खांदेरीचा वेताळ त्यांच्यासाठी कोणत्याही यादीत नव्हता तेव्हाही तेथेच होता.