कोकणची शिडाची तरांडी आणि अवचित वादळ

कोकणच्या दर्यावर्दी इतिहासात आरमारी लढाया आणि बंदरांचा व्यापार यांना जेवढी पाने मिळाली, तेवढी मचवे व पडाव हाकणाऱ्या तांडेलांच्या, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यांच्या, हवामानज्ञानाला मिळाली नाहीत. वास्तविक लढाईचा प्रसंग क्वचित येई आणि वाऱ्याशी गाठ रोजची असे.

या ज्ञानाचा पाया पंचांगाचा होता. जूनच्या पूर्वार्धात नैर्ऋत्य मोसमी वारा कोकणात पोहोचला की लहान तरांडी किनाऱ्यावर ओढून शाकारली जात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावरच ती पुन्हा पाण्यात लोटली जात. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’तही आरमाराची छावणी, म्हणजे पावसाळ्यापुरता नौकांचा मुक्काम, दर्या खवळण्यापूर्वीच करावी आणि ती दरसाल एकाच बंदरात करू नये, असा दंडक आहे. परंतु पंचांगाने हंगाम ठरत असला तरी त्याच्या दोन्ही कडांना, मे अखेरीस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, संकट अवचित येई, आणि तेही परस्परविरुद्ध दिशांनी: सह्याद्रीवर दुपारी जमलेले गडगडाटी ढग संध्याकाळी समुद्राकडे सरकले की जमिनीवरून सुटणारा सोसाटा होडीला खोल दर्यात लोटी, तर मोसमी वाऱ्याची आगाऊ झोड तिला खडकाळ किनाऱ्यावर आपटू पाही. पहिल्या वेळी किनारा सोडू नये आणि दुसऱ्या वेळी किनाऱ्यापासून दूर राहावे, असा उलटसुलट निर्णय तांडेलाला क्षणात घ्यावा लागे.

तो निर्णय अमलात आणण्याची सोय नौकेच्या बांधणीतच होती. मचव्याची डोलकाठी सरळ उभी नसून नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, झुकलेली असे. त्यामुळे तिरके शीड ज्या लांबलचक आडकाठीला बांधलेले असे ती काठी डोलकाठीपासून सुटी लोंबे. या शिडात वारा भरला की नौका वेगाने कापत जाई, पण तोच वारा एकाएकी उलट बाजूने आला तर शीड डोलकाठीवर चिकटून बसे आणि नौका कलंडण्याचा धोका उभा राही. म्हणून पाण्यावर दुरून काळसर रेघ सरकत येताना दिसली आणि उकाड्यात अचानक गार झुळूक लागली, की पुढचा विचार न करता शीड खाली घ्यायचे, हा नियम होता. शीड चढवण्याचा दोर एका हिसक्यात सुटेल असाच बांधून ठेवण्यामागचे कारणही हेच. त्यानंतर लहान शीड लावून वाऱ्यापुढे पळणे, खलाशांनी वाऱ्याच्या अंगाला बसून तोल धरणे, पाणी उपसत राहणे आणि अगदीच बाका प्रसंग आला तर माल समुद्रात टाकणे, एवढेच उपाय उरत. यांत सर्वांत मोठे धैर्य शीड वेळेवर उतरवण्याचे होते, कारण त्याने घर गाठण्याचा वेग हातचा जाई.

आसरा मात्र जवळ असे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटन या नद्यांच्या खाड्या किनाऱ्याला ठिकठिकाणी छेदतात. तथापि अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असल्याने उधाणलेल्या लाटांत तिथे शिरणे हेच नवे संकट ठरे. विजयदुर्गाच्या बंदराला असा दांडा नाही, आणि त्याची ख्याती जितकी किल्ल्यामुळे, तितकीच कोणत्याही हवेत आत शिरता येण्याच्या या सोयीमुळे झाली, असे मानणे रास्त ठरते.

सरकारी पूर्वसूचना उशिरा आली. ५ ऑक्टोबर १८६४ च्या कलकत्त्याच्या प्रलयंकारी चक्रीवादळानंतर १८६५ मध्ये त्या बंदरात, तर १८८० मध्ये मुंबईत वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. बंदरावर चढवलेला धोक्याचा बावटा किनाऱ्यावरच्या होडीला थांबवू शके. आधीच दूर गेलेल्या होडीला तो दिसत नसे, आणि तिच्यापाशी तांडेलाची नजर हेच एकमेव साधन उरे.

पुढे यंत्र बसल्यावर होड्या अधिक खोल पाण्यात जाऊ लागल्या आणि त्यासरशी आसऱ्याची खाडीही लांब गेली. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले, तेव्हा नारळी पौर्णिमा उलटून तीन महिने झाले होते, आणि कोकणातील अनेक मच्छीमार समुद्रातून परतले नाहीत.